हात खिशात

ह्या माणसाला ओळखायची खूण म्हणजे त्याची गाडी. डेट्रॉइटच्या आसपास नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स अशी उपनगरं आहेत. तिथल्या बहुतेक घरांना दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज असतं, आणि जानेवारीत पारा उणे दहा-पंधरावर उतरला की शहाणी माणसं गाड्या आत ठेवतात. हा बाहेर ठेवतो. सकाळी अंधारात, कानटोपीवर जॅकेटचं हूड ओढून, काचेवरचा बर्फ खरवडत उभा असतो. आत गॅरेजमध्ये हीटरच्या उबेत असतो प्लायवूडचा एक उंच सांगाडा. २०२४ साली त्या सांगाड्याचं नाव ‘स्पीकर’ होतं. जमिनीपासून साडेसहा फुटांवर त्याचं तोंड, आणि त्या तोंडात फोमच्या नारिंगी रिंगा फेकायच्या. फेकणार रोबोट. रोबोट बांधणार हायस्कूलची मुलं. आणि हा? ह्याने नियमाप्रमाणे खिशात हात घालून उभं राहायचं.

आम्ही त्याला रोबोबाबा म्हणतो; अर्थात त्याच्या मागे. तोंडावर ‘मेंटॉर’ म्हणावं लागतं, कारण त्याच्या टी-शर्टच्या पाठीवर तसं छापलेलं असतं आणि जानेवारी ते एप्रिल तो दुसरा शर्ट घालत नाही. अमेरिकेत शाळेची रोबोटिक्स टीम आहे आणि असा बाप नाही, असं मी तरी पाहिलेलं नाही. गोरा असतो, चिनी असतो, तेलुगू तर हमखास असतो. मला जवळून बघायला मिळाला तो मराठी, आणि माझ्या मते हाच सगळ्यांत चिवट.

स्पर्धा कसली ते आधी सांगायला हवं. डीन केमन नावाच्या संशोधकाने १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. पुढे सेगवे नावाची दोन चाकांची गाडी आणली तोच हा. मुलं बास्केटबॉलच्या खेळाडूंना डोक्यावर घेतात, मग शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर लोकांनी काय घोडं मारलंय, असा त्याचा एकूण सवाल होता. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स त्याला येऊन मिळाले आणि १९९२ साली न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टरला एका शाळेच्या जिममध्ये २८ टीमची पहिली स्पर्धा झाली. आज अमेरिकेतल्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त टीम मिशिगनमध्ये आहेत. कारण उघड आहे: मोटारींचा धंदा. इथे डावीकडचा शेजारी ब्रेकवाला असतो, उजवीकडचा गिअरबॉक्सवाला, आणि संध्याकाळी दोघांच्याही हातांना काम नसतं.

ह्या हातांच्या बेकारीतूनच रोबोबाबा जन्माला येतो. हा सांगली, कराड नाहीतर पुण्याहून मेकॅनिकल झालेला असतो. पहिली नोकरी भोसरी किंवा चाकणला, शॉप फ्लोअरवर. त्या दिवसांत तो खूश होता. घरी आला की शर्टाला कूलंटचा वास यायचा आणि आई तो शर्ट वेगळा भिजवायची. मग अमेरिका. मग बढत्या. पहिल्या बढतीत पाना गेला, दुसरीत ड्रॉइंग गेलं, तिसरीत कॅल्क्युलेटर गेला. आता तो दिवसभर पॉवरपॉइंट बघतो आणि सकाळी साडेसातला पुण्याच्या टीमशी बोलतो; तिकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात आणि सगळ्यांना घरी जायचं असतं. पंधरा वर्षांत त्याने स्वतःच्या हातांनी घट्ट केलेली एकमेव वस्तू म्हणजे लोणच्याच्या बरणीचं झाकण. अशा माणसाची मुलगी नववीत जाते आणि एक दिवस म्हणते, “बाबा, मला रोबोटिक्सला सोडशील?”

सोडायलाच गेला होता तो. गाडी चालूच होती. शाळेच्या वर्कशॉपच्या दारातून त्याला एक मुलगा बोल्ट घट्ट करताना दिसला. मुलगा पक्कड वापरत होता. बोल्टाला पक्कड! रोबोबाबाने गाडी बंद केली. आत जाऊन त्याने त्या मुलाला ॲलन की म्हणजे काय ते सांगितलं, मग बोल्टाखाली वॉशर का हवा ते सांगितलं, मग वॉशरचा विषय निघालाच आहे म्हणून स्प्रिंग वॉशरवर बोलला. घरी आला तेव्हा साडेनऊ वाजले होते, आणि मुलगी केव्हाच दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून घरी येऊन जेवून झोपली होती.

दुसऱ्या आठवड्यात टीमच्या मुख्य बाईंनी त्याला बाजूला घेतलं. बाई शाळेत फिजिक्स शिकवतात, आवाज मऊ, नजर कडक. त्यांनी सांगितलं की मेंटॉरने दाखवावं, विचारावं, पण करू नये. सोपा उपाय म्हणजे हात खिशात ठेवावेत. रोबोबाबाने मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी सहा खिशांची पँट घेतली.

सांगायला हवं की ह्या बाबतीत खुद्द संस्थेचा नियम इतका कडक नाही. मुलांनी आणि मोठ्यांनी बरोबरीने काम करावं हीच तिची मूळ कल्पना. पण कुणाचा रोबोट मुलांनी बांधला आणि कुणाचा बापांनी, हे भांडण ह्या जगात कायम पेटलेलं असतं. एखाद्या टीमचा रोबोट फारच देखणा दिसला, त्याच्या वायरी फारच सरळ रेषेत गेलेल्या दिसल्या, की बाकीच्या टीमचे बाप एकमेकांकडे बघतात. त्या नजरेत तिरस्कार थोडा आणि हेवा फार असतो.

तर हात खिशात. पण बाकीचा माणूस मोकळाच असतो. रोबोबाबा हनुवटीने दिशा दाखवतो, कोपराने मुलांना बाजूला सारतो, नाकाने मोटर जळल्याचा वास घेतो आणि भुवया उंचावून टॉर्क सांगतो. शिवाय त्याने ‘फक्त विचारायचं’ ह्या सवलतीचा पुरेपूर फायदा उठवलेला आहे. “तुला काय वाटतं, ही चेन सुटेल का?” “समज हा ब्रॅकेट तीन मिलिमीटर डावीकडे असता, तर?” प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं एवढंच. मुलंही हुशार. त्याने ‘तुला काय वाटतं’ म्हटलं की ती उत्तर देण्याच्या भानगडीत न पडता सरळ पाना उचलतात.

जानेवारीच्या सुरुवातीला एका शनिवारी त्या वर्षीचा खेळ जाहीर होतो. तोपर्यंत कुणालाच काही ठाऊक नसतं. नियमपुस्तिका कुलूपबंद फाइल म्हणून आधीच आलेली असते, दुपारी परवलीचा शब्द मिळतो आणि जगभरच्या टीम एकाच वेळी ती उघडतात. मुलं पहिली पाच पानं वाचतात आणि फळ्यावर रोबोटची चित्रं काढायला लागतात. रोबोबाबा अख्खी पुस्तिका छापून घेतो, स्पायरल बाइंडिंग करतो आणि तीन रंगांच्या पेनांनी रात्रभर वाचतो. एवढा अभ्यास त्याने स्वतःच्या इंजिनिअरिंगला केला असता तर तो विद्यापीठात पहिला आला असता, असं त्याची बायको म्हणते. ती आणखीही एक गोष्ट म्हणते: “जानेवारी ते एप्रिल आमच्याकडे पाहुणे येत नाहीत. नवरासुद्धा.”

मग तो एफएमईए काढतो. गाड्यांच्या धंद्यातल्या माणसाला हा काय प्रकार आहे ते माहीत असतं. इतरांसाठी एवढंच की एखाद्या यंत्रात काय काय बिघडू शकतं, ते किती गंभीर, किती वारंवार, आणि आधी कळेल का, ह्याला गुण देऊन एक लांबलचक तक्ता करायचा. रोबोबाबा तो तक्ता पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसमोर मोठ्या पडद्यावर लावतो. एक मुलगी विचारते, उल्का पडण्याची नोंद केली आहे का. तो गंभीरपणे म्हणतो, संभाव्यता एक. एवढं सगळं करून पहिल्या स्पर्धेत रोबोट मैदानावर मध्येच निपचित पडला तो रेडिओच्या पॉवरची बारीकशी पिन धडकेने निसटली म्हणून. त्या वर्षांत ही पिन निसटणं हा टीमटीममधला जुना आजार होता. तक्त्यात तो होता का? होता, असं रोबोबाबा अजूनही सांगतो, चवथ्या पानावर.

त्याचं आणि मुलांचं एका गोष्टीवर कधीच जमलं नाही. त्याचं आयुष्य मेट्रिकमध्ये गेलं. एम-सहा, एम-आठ, दहाचा पाना, तेराचा पाना. इथे क्वार्टर-ट्वेंटी आणि टेन-थर्टीटू. वर्कशॉपमध्ये तो कुणालाही “तेराचा दे” म्हणतो, मुलं अर्ध्या इंचाचा देतात, आणि तो जवळजवळ बसतो. हे ‘जवळजवळ’ त्याला रात्री झोपू देत नाही. त्याला राग येतो तो सीएनसीचाही. मुलं कॉम्प्युटरवर चित्र काढतात आणि मशीन ॲल्युमिनियमची प्लेट कापून देतं. “फर्स्ट इयरला आम्ही,” तो सुरू होतो, आणि वर्कशॉप हळूहळू रिकामं होऊ लागतं, कारण आता फिटिंग जॉब येणार हे सगळ्यांना कळतं. लोखंडाचे दोन तुकडे, हातात फाइल, चार-चार आठवडे घासून एकमेकांत बसवायचे, आणि शेवटी मास्तर ते उजेडासमोर धरणार. फटीतून प्रकाश दिसला की वही फेकून देणार. भारतात मेकॅनिकल शिकलेल्या कुणाही माणसाला ही गोष्ट खरी आहे हे माहीत आहे. मिशिगनच्या मुलांना ती छळछावणीची हकिकत वाटते.

त्याचं दुसरं प्रवचन लॉकटाइटवर. बोल्ट थरथराटाने सैल पडू नये म्हणून आट्यांना लावायचं हे द्रव्य. निळं लावलं तर पाना लावून परत उघडता येतं. लाल लावलं तर आधी तापवावं लागतं, नाहीतर बोल्टच तुटतो. “निळं म्हणजे साखरपुडा, लाल म्हणजे लग्न,” असं तो दर वर्षी नव्या मुलांना सांगतो. भाषांतरात त्यातली मजा जाते, पण तो सांगायचं सोडत नाही.

पुण्यात त्याचा भाऊ आहे. तो फोनवर विचारतो, “रोबोट बोलतो का रे?”

“नाही.”

“चालतो?”

“चाकांवर.”

“मग करतो काय?”

“ह्या वर्षी नोट्स उचलतो आणि स्पीकरमध्ये टाकतो.” २०२४ च्या खेळाचं सूत्र संगीत होतं, म्हणून त्या रिंगांना ‘नोट’ असं नाव होतं. ‘ॲम्प’ नावाच्या फटीत दोन नोट्स टाकल्या की स्पीकर दहा सेकंद ‘मोठा’ करता यायचा, आणि तेवढ्या वेळात पडलेल्या नोटेला दोनऐवजी पाच गुण.

भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. “म्हणजे आधी दुसरीकडे दोन नोटा सरकवायच्या, मग स्पीकरकडे काम पटापट होतं.”

“हो.”

“हे आमच्याकडे यंत्राशिवाय चालतं.”

आई मात्र श्रद्धेने बघते. मार्चमध्ये स्पर्धा सुरू झाल्या की तो तिला थेट प्रक्षेपण लावून देतो. इकडे शनिवारची सकाळ असते, तिकडे संध्याकाळी साडेसात, म्हणजे तिची मालिकेची वेळ. ती नातीसाठी मालिका सोडते. तिची तक्रार एकच: “सकाळी आपला निळा होता, आता लाल कसा?” रोबोटला भोवती गादीसारखे बंपर असतात, त्यांचा रंग दर सामन्याला बदलतो. एका बाजूला तीन रोबोट, दुसऱ्या बाजूला तीन. ह्या सामन्यात ज्याच्याशी युती, पुढच्या सामन्यात त्याच्याच विरोधात. अमेरिकन पालकांना हे समजायला दोन स्पर्धा लागतात. आजीला एकदा सांगितलं, पुरे झालं. ती म्हणाली, “मग काय, बातम्यांसारखंच.”

आता त्याच्या कोचगिरीबद्दल. २०२३ आणि २०२४ मध्ये सामना अडीच मिनिटांचा असायचा. पहिले पंधरा सेकंद रोबोट आपल्या प्रोग्रॅमवर चालायचा, मग मुलं पारदर्शक भिंतीमागून जॉयस्टिकवर त्याला चालवायची. त्यांच्या मागे एक कोच उभा राहू शकतो, आणि तो मोठा माणूस असला तरी चालतो. फक्त त्याने कंट्रोलला हात लावायचा नाही. २०२३ मध्ये, कोन आणि क्यूब उचलायच्या खेळाला, रोबोबाबाला एका स्पर्धेपुरतं कोच केलं होतं. ड्रायव्हर होता आइस हॉकी खेळणारा उंच गोरा मुलगा. पहिल्या सामन्यात रोबोबाबा साधारण चाळीस सेकंद इंग्रजीत टिकला. मग त्याची मातृभाषा बाहेर आली. “सोड! अरे सोड, सोड! मागे! मागे ये! डावीकडे, तुझ्या नाही, त्याच्या डावीकडे!” मुलाने तीन सामन्यांत सगळे शब्द उचलले. टीमला तर हे फारच आवडलं, कारण शेजारच्या टीमला काही कळत नव्हतं. टीमच्या फळ्यावर कुणीतरी ‘सोड’, ‘थांब’, ‘उचल’ असे शब्द रोमन लिपीत लिहून काढले. फक्त ‘अरे देवा’ म्हणजे काय करायचं हे त्या मुलाला कुणी सांगितलं नाही. त्याने स्वतःच्या बुद्धीने अर्थ लावला आणि ते ऐकलं की रोबोट जागच्या जागी थांबवायला लागला. शेवटच्या काही सेकंदांत तीन रोबोटना एका डुलणाऱ्या फळीवर चढून तोल सांभाळायचा होता. आपला रोबोट अर्ध्यावर चढला, फळी कलली, आणि रोबोबाबाला देव आठवला. रोबोट तिथेच थांबला. पुढच्या स्पर्धेपासून कोच म्हणून बारावीतली एक मुलगी आली. ती फक्त वेळ सांगायची. रोबोट जास्त गुण मिळवू लागला, ही गोष्ट टीममध्ये कुणी त्याच्यासमोर बोलत नाही.

स्पर्धेच्या दिवशी तो जे करतो त्याला मी तरी ‘वावरणं’ म्हणेन. प्रत्येक टीमला जिममध्ये दहा फूट बाय दहा फूट अशी जागा मिळते, तिला पिट म्हणतात. त्यात रोबोट, हत्यारांची पेटी, बॅटऱ्यांची गाडी, सहा मुलं आणि रोबोबाबा. त्याच्या नाकावर वाचायचा चष्मा, त्यावर सक्तीचा सेफ्टी गॉगल, आणि कपाळावर लांबचा चष्मा जो तो दिवसभर शोधत असतो. सगळ्यांत आधी तपासणी. २०२४ मध्ये बंपर आणि बॅटरी सोडून रोबोट १२५ पौंडांच्या आत बसायला हवा होता. काटा थोडा जास्त दाखवतो. मुलं ड्रिल घेऊन पत्र्याला भोकं पाडायला निघतात. रोबोबाबा खिशातल्या खिशात मुठी वळतो आणि विचारतो, “तुम्हाला काय वाटतं, झिप टायच्या शेपट्या कापल्या तर?” कापतात. मूठभर प्लास्टिक निघतं. काटा ढिम्म. मग भोकं पाडतात.

ह्या स्पर्धांमध्ये एक प्रथा आहे जी त्याला अजून पचलेली नाही. वुडी फ्लॉवर्सनी तिला ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ असं नाव दिलं: जीव तोडून खेळा, पण समोरच्याला मदतही करा. म्हणजे माइकवर घोषणा होते की अमुक नंबरच्या टीमला एक बेअरिंग हवं आहे, आणि दोन मिनिटांत चार टीमची मुलं बेअरिंग घेऊन धावत येतात. त्यात पुढच्याच सामन्यात त्यांच्याशी भिडणारेही असतात. पहिल्या वर्षी आपल्या पोरांनी स्वतःचा बॅटरी चार्जर एका टीमला देऊन टाकला. रोबोबाबाने विचारलं, “चलन केलं का?” पोरांना कळेना. भोसरीला साधा गेज बाहेर गेला तरी रिटर्नेबल गेट पास लागायचा, तीन प्रतींत, सिक्युरिटीच्या शिक्क्यासह. त्याने कागदावर टीमचा नंबर, वस्तू आणि वेळ लिहिली, आणि त्या टीमच्या पोराकडून सही घ्यायला निघाला. मुलीने त्याची बाही धरली. संध्याकाळी चार्जर परत आला. वर घरी केलेल्या कुकीजचा डबा आला. डब्याची नोंद कुठे करायची हा प्रश्न त्याला घरी येईपर्यंत पडला होता.

पण त्याची खरी कसोटी एका चौकोनात असते. मैदानाच्या कोपऱ्यात जमिनीवर चौकोन आखलेला असतो. पंचांचा निर्णय पटला नाही तर तिथे उभं राहून मुख्य पंचाला विचारता येतं. पण टीममधल्या एकाच विद्यार्थ्याने. मोठ्यांना बंदी. एका सामन्यात आपल्यावर फाउल लागला आणि गुण समोरच्यांना गेले. रोबोबाबाकडे स्पायरलचं पुस्तक तयार, योग्य पानाला पिवळी चिठ्ठी, वाक्याखाली लाल रेघ. त्याने कॅप्टन मुलीला दोरीपलीकडून सगळा युक्तिवाद पढवला, तीन मुद्दे आणि एक उपमुद्दा. ती चौकोनात गेली, अर्धं मिनिट बोलली, अर्धं मिनिट ऐकलं, आणि परत आली.

“काय म्हणाले?”

“नियम तसाच आहे म्हणाले. पुढच्या पानावर खुलासा आहे.”

“मग तू काय म्हणालीस?”

“थँक यू.”

पुण्यात वाढलेल्या माणसाला हे किती लागतं ते सांगता येणार नाही. वादाला पाठवलेला माणूस आभार मानून आला! त्याने पुढचं पान उलटलं. खुलासा होता. तरीही, तो म्हणाला, थोडं ताणून धरायला काय हरकत होती.

बारा पात्रता सामने झाले की निवड. पहिल्या आठ क्रमांकांच्या टीम कॅप्टन होतात आणि उरलेल्यांतून आपले साथीदार निवडतात. आधी पहिल्यापासून आठव्यापर्यंत, मग आठव्यापासून उलट. आपला क्रमांक अकरावा. म्हणजे कांदेपोहे करून बसलेल्या घरासारखं, स्थळाकडून होकार येतो का बघत. त्यात एक गोम आहे: एखाद्याला नकार दिला तर त्या मांडवात तुम्हाला दुसरं कुणी विचारू शकत नाही. रोबोबाबाच्या लॅपटॉपवर सगळ्या टीमची माहिती, सरासरी, विचलन, आलेख. त्याचं अनुमान होतं की तिसरी टीम आपल्याला घेणार. वर बाकांवर दोन दिवस वह्या घेऊन बसलेल्या नववीतल्या दोन मुली म्हणाल्या, सहावी. का? “त्यांच्या मुली आपल्या पिटमध्ये तीनदा येऊन साखळीवर चढायचा हुक बघून गेल्या.” सहाव्या टीमने घेतलं. सकाळी आपल्या रोबोटला धडक देऊन आडवा करणारी तीच. प्लेऑफमध्ये दोन हरलं की बाहेर. एक जिंकलो, दोन हरलो. परतीच्या वाटेवर तो गाडीत त्या दोन मुलींना विचारत होता, “हुक बघताना त्या नक्की काय बोलत होत्या?”

मिशिगनमध्ये टीमला अशा दोन जिल्हा स्पर्धा मिळतात. दुसरीला परीक्षक पिटमध्ये आले. त्यांना मोठ्यांशी बोलायचं नसतं. रोबोट मुलांनी समजून केला आहे का हे त्यांना बघायचं असतं. रोबोबाबा नियमाचा पक्का. तो शेजारच्या पिटच्या पडद्याआड गेला आणि त्यांच्या बॅटऱ्या बघतोय असं दाखवू लागला. इकडे त्याची मुलगी चाकांबद्दल सांगत होती. आपल्या रोबोटला स्वर्व्ह आहे, म्हणजे चारही चाकं स्वतंत्रपणे कुठल्याही दिशेला वळतात. परीक्षकांनी गिअर रेशो विचारला. ती म्हणाली, “६.१२ ला एक.”

पडद्याआड काहीतरी पडल्याचा आवाज आला. ६.७५! त्याने स्वतः एक्सेलमध्ये काढला होता, ॲक्सिलरेशन, करंट, बॅटरीचं व्होल्टेज, सगळं मांडून. दहा मिनिटं तो त्या पडद्याआड कसा उभा राहिला ते शेजारच्या टीमने पाहिलं. त्यांनी त्याला पाणी विचारलं. परीक्षक गेले तसा तो आत आला.

“अगं, सहा पॉइंट पंचाहत्तर!”

“होता. मंगळवारी बदलला. तुझी पुण्याची मीटिंग होती.”

“मीटिंग सकाळी असते.”

“मंगळवारी रात्रीही होती, बाबा. तूच म्हणालास.”

“चारही चाकं?”

“चारही.”

“करंट वाढला असणार.”

“कोडमध्ये लिमिट टाकलीय. तीन सामने झाले, ब्रेकर गेला नाही.”

त्याने रोबोटभोवती एक फेरी मारली, हात खिशात. खाली वाकून बघितलं. “ड्रॉइंगवर रिव्हिजन टाकली?”

“बी. तारीख आहे. कॅप्टनची सहीसुद्धा.”

ह्याच्यावर त्याला काही सुचेना. मग चेहरा जरा उजळला. “लॉकटाइट?”

मुलगी आणि कॅप्टन एकमेकींकडे बघू लागल्या.

“लावलंय,” कॅप्टन म्हणाली.

“निळं?”

“निळं संपलं होतं,” मुलगी म्हणाली.

रोबोबाबाने कपाळावरचा चष्मा काढून पुसला, पुन्हा कपाळावर ठेवला. “मग आता ६.१२च,” तो म्हणाला, आणि पुढच्या सामन्याची बॅटरी चार्ज झाली का ते बघायला गेला.